तापमानाचा काटा चढत होता तेव्हा तू काय करत होतास?

झाकणाला हात लावलासच कसा? आधी याचं उत्तर दे, बाकीचं मग ऐकतो. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या वर्गात दोन वर्षं माझ्यासमोर काढलीस. गरम रेडिएटर उघडायचा नाही हे पहिल्याच महिन्यात शिकवलं, तोंडी परीक्षेत विचारलं, आणि तू बरोबर सांगितलंस. आता दोन लेकरांचा बाप झालास, आणि मे महिन्याच्या भर दुपारी, खंबाटकी घाटात, फडकं गुंडाळून तेच झाकण पिळत बसलास. कोपरापर्यंत हात भाजला. वाफेचा झोत तिरका गेला म्हणून डोळे राहिले. थोरली शेजारी उभी राहून बघत होती, हे तूच मला फोनवर सांगितलंस. ते ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे.

त्या झाकणाखाली काय चाललं होतं ते पुन्हा ऐक. झाकणावर बहुतेक ०.९ किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असतो. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार वर जाईपर्यंत झाकण तो धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११८ अंशांच्या आसपास उकळतं. पाण्यात कूलंट असेल तर आणखी वर. म्हणजे ११५ अंशांचं पाणी आत शांत असतं, त्यात बुडबुडासुद्धा नसतो. तू झाकण फिरवलंस आणि दाब गेला. १० लिटर पाणी असेल तर त्यातलं पाव लिटर त्या क्षणी वाफ होतं. पाव लिटर ऐकायला थोडं वाटतं; त्याची वाफ ४०० लिटरहून जास्त जागा मागते, आणि तिला बाहेर पडायची वाट एकच, तुझ्या तळहाताखालची. तिच्यासोबत उकळतं पाणीही उडतं. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही हे तुझ्या थोरलीलाही कळतं. तू तर याचं प्रमाणपत्र घेतलेला माणूस.

थांबायला किती लागलं असतं? अर्धा-पाऊण तास. बॉनेटमधून वाफ येते आहे तोवर बॉनेटही उघडायचं नसतं. वाफ थांबली की उघडायचं आणि लांब व्हायचं. मग जाड कापडानं रेडिएटरचा वरचा होस दाबून बघायचा. टणक लागला तर आत दाब आहे, परत जाऊन बस. मऊ पडला तर झाकणावर कापड टाकून, तोंड बाजूला ठेवून, झाकण फक्त पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं. सुसकारा पूर्ण थांबू द्यायचा. मगच दाबून काढायचं. आटे असलेलं झाकण असेल तर त्याला खाच नसते. तिथं आणखी सबुरी हवी.

आणि भाजल्यावर काय केलंस? कुणीतरी टूथपेस्ट काढून दिली आणि तू ती लावून घेतलीस. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं गार, वाहतं पाणी सोडायचं. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. हात सुजायच्या आत अंगठी आणि घड्याळ काढायचं. तू घर करून घेतलेल्या त्या गाडीत २०० लिटरची पाण्याची टाकी आहे, नळ आहे. सगळं हाताशी असून तू पेस्ट चोळत बसलास.

पण मला खरा राग त्या झाकणाचा नाही. झाकण हा शेवटचा मूर्खपणा होता, त्याच्या आधीचं सगळं सांगतो.

शिरवळ मागे पडलं तेव्हाच काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला होता. सूनबाईंनी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तू म्हणालास, जुनी गाडी आहे, चालायचंच. दुसऱ्यांदा तू तिच्यावर डाफरलास. महाबळेश्वरचा सूर्यास्त गाठायचा होता ना! डाव्या हाताला सपाट, रुंद जागा होती, ढाबे होते, सावली होती, पाणी होतं. ती सगळी सोडून तू तापलेलं इंजिन घेऊन चढाला लागलास. साताऱ्याकडे जायला घाट चढावाच लागणार, हे तुला माहीत होतं. मे महिन्यातल्या सुट्टीत त्या घाटात वाहनांच्या रांगा लागतात आणि गाड्या तापून बंद पडतात, हे दर वर्षी पेपरात येतं. तरी निघालास, आणि तेही एसी चालू ठेवून.

चढावर इंजिनाला सर्वांत जास्त काम असतं आणि गाडीचा वेग सर्वांत कमी असतो. म्हणजे उष्णता भरपूर आणि समोरून येणारा वारा नावाला. अशा वेळी रेडिएटरला आधार उरतो तो फॅनचा आणि वॉटर पंपाचा. दोन्ही फिरतात इंजिनाच्या फेऱ्यांवर. आणि तू चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा जीव काढत चढत होतास, डिझेल वाचेल म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायानं, फेऱ्या चांगल्या ठेवून चढला असतास तर पंपानं पाणी खेळवलं असतं, फॅननं हवा ओढली असती. काटा वर जाताना दिसला की एसी बंद, खिडक्या उघड्या, गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण चालू, कारण हीटर म्हणजे इंजिनाच्या पाण्याचा दुसरा छोटा रेडिएटरच. घामाघूम व्हाल, हरकत नाही. आणि पहिल्या सुरक्षित जागी बाहेर.

थांबल्यावर चावी लगेच फिरवायची की इंजिन जरा चालू ठेवायचं, हेही तुला आठवलं नाही. काटा वर आहे, पण वाफ नाही, पाणी सांडत नाही, पट्टा फिरतो आहे, अशा वेळी मिनिट-दोन मिनिटं रिकाम्यावर, किंचित जास्त फेऱ्यांवर चालू ठेव. हेडमध्ये अडकलेली उष्णता पाणी वाहून नेतं. वाफ निघाली, पाणी गेलं किंवा काट्यासोबत बॅटरीचा लाल दिवाही लागला, तर ताबडतोब बंद. बॅटरीचा दिवा आणि काटा एकाच वेळी बोलू लागले म्हणजे बहुतेक फॅन बेल्ट तुटलेला असतो. जुन्या गाड्यांत त्याच एका पट्ट्यावर अल्टरनेटर, फॅन आणि पंप असे तिघेही असतात.

आता तू थांबलास कुठं ते बघ. वळणावर, डाव्या लेनमध्ये, दोन फूट बाहेर घ्यायला जागा होती तरी. धाकटा आत गादीवर झोपलेला, सूनबाई पुढच्या सीटवर. मागून कंटेनर येतात, ट्रेलर येतात, वळणामागे काय उभं आहे ते त्यांना दिसत नाही. थांबल्यावर पहिलं काम इंजिन बघायचं नसतं रे, माणसं उतरवायची असतात. डावीकडून उतरवायची, कठड्याच्या किंवा डोंगराच्या बाजूला, गाडीपासून दूर आणि गाडीच्या पुढे न उभं राहता. चारही इंडिकेटर लावायचे. हँडब्रेक ओढून गिअर टाकून ठेवायचा, चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. घरातला गॅस घेऊन फिरता तर त्याची जबाबदारीही घेऊन फिरा. इशाऱ्याचा त्रिकोण ५० मीटर मागे ठेवायचा, आणि घाटात वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल आणि मग गाडी. तुझा त्रिकोण कुठं होता? पलंगाखालच्या कप्प्यात, गादी, पांघरुणं आणि खुर्च्यांच्या खाली. तो काढायला दहा मिनिटं लागली असती म्हणून तू काढलाच नाहीस.

त्याऐवजी तू रस्त्यावर दगड मांडलेस. मोठमोठे चार दगड. आणि गाडी हलली तेव्हा ते दगड तिथंच सोडून निघालास. मी विचारल्यावर म्हणालास, सगळेच सोडतात. हो, सगळेच सोडतात, आणि म्हणून आमच्या घाटांत रात्री मोटारसायकलवरून जाणारा पोरगा त्या दगडावर आदळतो. त्याला ती गाडीही दिसत नाही, कारण गाडी केव्हाच निघून गेलेली असते. दिसतो तो फक्त दगड, तोही शेवटच्या क्षणी. तुझी गाडी बंद पडली हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. पण तो दगड तू स्वतःच्या हातानं ठेवलास आणि स्वतःच्या हातानं उचलला नाहीस. भाजलेल्या हाताची मला कीव येते. या गोष्टीची येत नाही. त्याच दिवशी महामार्गाच्या १०३३ क्रमांकावर फोन करून ते दगड कुठं आहेत हे सांगायला हवं होतंस. गाडी बंद पडली तेव्हाही तोच क्रमांक लावायचा होता. माणसाला इजा झाली असेल तर १०८ किंवा ११२.

पुढचा पराक्रम. झाकण उघडून झाल्यावर बर्फाच्या पेटीतल्या पाण्याच्या दोन बाटल्या तू थेट रेडिएटरमध्ये ओतल्यास. लोखंड एका बाजूनं लाल होण्याच्या बेतात आणि दुसऱ्या बाजूनं बर्फाचं पाणी! हेड वाकायला, ब्लॉकला तडा जायला आणखी काय लागतं? पाणी घालायचं ते इंजिन निवल्यावर, साध्या तापमानाचं, थोडं थोडं. इंजिन अजून कोमट असेल तर ते चालू ठेवून, संथ धारेनं. झाकण उघडं ठेवून हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्यायचे, पातळी खाली बसेल तशी भर घालायची. अडकलेली हवा तशीच राहिली तर पाच किलोमीटरवर पुन्हा हाच तमाशा. पिण्याचं स्वच्छ पाणी चालेल. बोअरचं जड पाणी नाइलाजानं घातलंच, तर घरी येऊन सगळं काढून धुऊन टाकायचं, कारण त्यातले क्षार नळ्यांत बसतात.

मग म्हणे काटा एकदम खाली आला आणि तुला हायसं वाटलं. इथं मी तुला उभं राहायला लावलं असतं वर्गात. काटा एकदम खाली कधी येतो? त्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तेव्हाच तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की तो हवेत लटकतो, आणि काटा गार पडल्यासारखा खाली येतो. इंजिन आतून भाजत असतं. भर चढावर, काही न करता काटा अचानक पडला, तर ती सर्वांत वाईट बातमी आहे. तू त्या बातमीवर खूश होऊन पुढचे दोन किलोमीटर गाडी पळवलीस. हेड गॅस्केट तिथं गेली, आधी नाही. पाणी पुन्हा भरल्यावर बुडबुडे थांबतच नव्हते, मागे गोडूस वासाचा पांढरा धूर होता, आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं होतं. याचा अर्थ तुला माहीत आहे. या अवस्थेत स्टार्टर मारायचाच नसतो. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तू चार वेळा मारलास.

आणि मग माथ्यावरून वेळे गावाच्या बाजूला इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी उतरवलीस.

हे वाक्य तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनावरचा पंप देतो. इंजिन बंद म्हणजे दोन-तीन वेळा पाय मारेपर्यंत बूस्टर साथ देतो, पुढं पेडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. इंजिनाचा ब्रेक तर तू न्यूट्रल टाकून आधीच सोडलास. तीन टनांच्या वरची गाडी, आत चार जीव, आणि रोखायला भाजलेल्या हाताचा एक माणूस. पाणी जागेवर असतं आणि इंजिन धड असतं तर उतार हीच इंजिनाची विश्रांती होती: गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून उतरलं की डिझेल जवळजवळ बंद होतं, उष्णता तयार होत नाही, फॅन आणि पंप मात्र फिरत राहतात. आणि इंजिन धड नसेल तर टोइंग. तिसरा मार्ग नाही. टोइंगचे पैसे जास्त सांगितले म्हणालास. चार जिवांसमोर तो आकडा मला सांगू नकोस.

आता गाडीकडे येतो, कारण हे सगळं शिरवळला सुरू झालेलं नाही, तुझ्या अंगणात सुरू झालं. शाळेची जुनी ट्रॅव्हलर घेतलीस, चांगली घेतलीस. तिचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ च्या कुळातलं, साधं आणि दणकट. त्याची निगा राखली तर ते माणसाच्या चुका पोटात घालतं. पण तू तिचं घर करताना आत प्लायवूडची कपाटं, २०० लिटर म्हणजे २०० किलो पाणी, प्रत्येकी ५० किलोहून जड दोन बॅटऱ्या आणि छतावर सौर पॅनेल चढवलेस. इंजिनावरच्या कव्हरवर गालिचा चिकटवलास, म्हणजे ते उघडताच येत नाही. आणि पुढच्या जाळीवर, रेडिएटरला हवा मिळते नेमक्या तिथं, गाडीचं नाव लिहिलेली पाटी आणि चार फॉग लॅम्प. हवेची वाट अडवून गाडी का तापते म्हणून मला फोन करतोस? गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली आरटीओची परवानगी लागते, ती कागदासाठी नाही. कुणीतरी वजन मोजावं म्हणून लागते.

मागच्या उन्हाळ्यात गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट काढून टाकला आणि तू मान हलवलीस. आपल्याकडं गरम हवामान, थर्मोस्टॅटची गरजच नाही, हे ज्ञान सगळ्या नाक्यांवर मिळतं. या कुळातल्या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो. ८० अंशांच्या आसपास रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढलास की बायपास कायमचा उघडा. पंपानं फेकलेलं बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता आखूड वाटेनं परत इंजिनात. म्हणजे गार राहावी म्हणून जो भाग काढला, त्यानंच चढावर गाडी तापवली. आणि गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकलीस, तीही एकदा नाही. हळद भोक आणि नळी यातला फरक ओळखत नाही. दोन्ही बुजवते.

दुखणं कुठं आहे ते गाडी स्वतः सांगते, विचारणारा हवा. उभ्या गाडीत तापते आणि वेगात गार होते, तर फॅन बघ. गावात ठीक आणि चढावर तापते, तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी भरला आहे. वरचा होस चटका देतो आणि खालचा गार, तर पाणी फिरतच नाही. थर्मोस्टॅट अडकला किंवा रेडिएटर बंद. सुरू केल्यापासून दहा मिनिटांत तापते, तर पाण्याची पातळी, पंप, गॅस्केट. यातलं काही तुला नवीन नाही. आणि होस क्लिपजवळ फाटला असेल तर रस्त्यावरही इलाज आहे: फाटका भाग कापून पुन्हा चढव, क्लिप आवळ, मधे चीर असेल तर सिलिकॉनची चिकटपट्टी ओढून गुंडाळ, आणि झाकण पहिल्या खाचेवर ठेवून, म्हणजे दाब न चढू देता, सावकाश सपाट रस्त्यानं जवळच्या गावापर्यंत जा. घाट चढायला नाही.

यासाठी गाडीत काय लागतं? पाच लिटर पाणी, दोन लिटर कूलंट, एक जादा पट्टा, वरचा आणि खालचा होस, चार क्लिपा, नवीन झाकण, स्क्रू ड्रायव्हर, हातमोजे, ठोकळा, त्रिकोण. एका पिशवीत मावतं, आणि ती पिशवी दाराशी हवी, पलंगाखाली नाही. तुझ्या गाडीत कॉफीचं यंत्र आहे. पट्टा नाही.

सूनबाईंची माफी मागितलीस का? माग. आज रात्रीच. काटा तिनं पाहिला होता, तू नाही. पुढच्या वेळी ती थांब म्हणाली की गाडी डावीकडे घ्यायची, कारण विचारायचं नाही.

हाताची पट्टी निघाली की गाडी टोइंग करून माझ्याकडे आण. हेड उतरवून सपाटी तपासू, रेडिएटर खोलून नळ्या साफ करू, थर्मोस्टॅट बसवू, पुढची पाटी मी स्वतः काढणार आहे. सगळं काम तू करायचंस, मी बाजूला उभा राहीन. तोपर्यंत त्या गाडीत लेकरांना बसवायचं नाही.